शेवट बदलायचा असेल, तर पहिल्या प्रवेशापासून बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका हौशी नाट्यसंस्थेला शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ मराठीत करायचंय. संहितेच्या वाचनातच मंडळींत दोन तट पडले. काहींना लिअर राजाच्या धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, मरण फार क्रूर आणि विनाकारण वाटतं. त्यांचं म्हणणं, ती वाचली असं दाखवू. कुणीतरी असंही सांगितलं की खुद्द इंग्रजांनी दीडशे वर्षं हे नाटक गोड शेवट लावूनच केलं. हे खरं आहे का, असेल तर आपण तसं का करू नये, आणि मुळात जुन्या इंग्रजी नाटकात शेवट सुखाचा की दुःखाचा हे ठरतं कशावरून, असे तीन प्रश्न विचारलेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: हो, खरं आहे. उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर मात्र एकच आहे, आणि ते मला वर्षानुवर्षं या नाटकांच्या तालमी घेताना पटत गेलेलं आहे. शेवटाची तयारी पहिल्या प्रवेशापासून चाललेली असते. ज्यांनी इंग्रजी नाटकांचे शेवट मनापासून फिरवले, त्यांना मागे जाऊन सगळं नाटक उसवावं लागलं. ज्यांनी नुसता शेवटचा तुकडा बदलला, त्यांना नाटकातल्याच पात्रांनी साथ दिली नाही.

लिअरपासूनच सुरुवात करू, कारण याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

1681 साली नेहम टेट या नाटककाराने ‘किंग लिअर’ची नवी रंगावृत्ती केली. तिच्यात लिअर मरत नाही, कॉर्डेलिया मरत नाही, डोळे काढलेला सरदार ग्लॉस्टरसुद्धा जिवंत राहतो. लिअर राज्य कॉर्डेलियाच्या हाती देतो, तिचं ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्याशी लग्न ठरतं, आणि म्हातारा राजा आपला निष्ठावान सरदार केंट आणि ग्लॉस्टर यांना घेऊन उरलेलं आयुष्य शांतपणे चिंतनात घालवायला निघतो. सत्य आणि सद्गुण शेवटी जिंकतातच, अशा अर्थाच्या एडगरच्या वाक्यावर पडदा. ही आवृत्ती 1838 पर्यंत इंग्लंडच्या रंगभूमीवर पाय रोवून होती. डेव्हिड गॅरिक हा अठराव्या शतकातला सर्वांत मोठा नट. त्याने मूळ शेक्सपिअरचे बरेच संवाद परत आणले, पण शेवट टेटचाच ठेवला. 1823 साली एडमंड कीन या नटाने शोकान्त परत आणून पाहिला. तो टिकला नाही. 1838 साली विल्यम मॅक्रीडी या नटाने लिअर, कॉर्डेलिया आणि विदूषक तिघांनाही परत शेक्सपिअरच्या हवाली केलं. विदूषकाचं काम तेव्हा प्रिसिला हॉर्टन या तरुण नटीने केलं.

इथे थोडं थांबा. विदूषक का गेला होता? गोड शेवटाचा आणि विदूषकाचा काय संबंध? तुमच्या मंडळींनी नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

टेटला कॉर्डेलियाला जिवंत ठेवायचं होतं. जिवंत ठेवलं की तिचं पुढे काय, हा प्रश्न आलाच. म्हणून नवरा हवा. मूळ नाटकात तिला फ्रान्सचा राजा पहिल्याच प्रवेशात वरतो. टेटने तो राजा काढूनच टाकला आणि एडगर-कॉर्डेलियाचं प्रेम जुळवलं. मूळ नाटकात ही दोन पात्रं एकमेकांशी एक वाक्य बोलत नाहीत. मग एडगर वेडा भिकारी होऊन रानोमाळ का हिंडतो? तर कॉर्डेलियाच्या जवळपास राहता यावं म्हणून. मग वादळी माळावर कॉर्डेलियालाही आणावं लागलं, तिच्यामागे एडगरचा दुष्ट सावत्र भाऊ एडमंड याचे गुंड लावावे लागले, आणि एडगरला तिची सुटका करायला लावावी लागली. या सगळ्या प्रेमकथेत एक विदूषक, जो राजाला त्याच्या मूर्खपणाची क्षणोक्षणी आठवण करून देतो, बसणार कुठे? तो गेला.

याहून मोठी किंमत पहिल्या प्रवेशात मोजावी लागली. लिअर मुलींना विचारतो, माझ्यावर कुणाचं किती प्रेम आहे? दोघी थोरल्या भरभरून बोलतात. कॉर्डेलिया म्हणते, “काही नाही, महाराज.” नाटकाचा सगळा डोलारा या ‘काही नाही’वर उभा आहे. ती लबाडी करू शकत नाही, प्रेमाचं प्रदर्शन करू शकत नाही, आणि त्याच वेळी बापाइतकीच हट्टी आहे. टेटच्या नाटकात तिच्या नकाराला कारण मिळालं: तिला बर्गंडीच्या सरदाराशी लग्न टाळायचंय, तिचं मन एडगरवर आहे, म्हणून ती मुद्दामच बापाला रागावू देते. कारण मिळालं आणि पात्र गेलं. सत्यासाठी राज्य गमावणारी मुलगी राहिली नाही. प्रेमासाठी युक्ती करणारी नायिका उभी राहिली. अशी नायिका नाटकात जगतेच, तिला जगावंच लागतं. टेट हा चांगला कारागीर होता, हे मी मनापासून म्हणतो. शेवट गोड करायचा तर पहिला प्रवेश बदलावा लागेल, हे त्याला नीट कळलं होतं.

आता प्रेक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दीडशे वर्षं लोकांनी ही आवृत्ती का पाहिली? ते भाबडे होते म्हणून नाही. 1678 साली थॉमस रायमर या समीक्षकाने मांडलं होतं की रंगभूमीवर तरी सज्जनाला बक्षीस आणि दुर्जनाला शिक्षा मिळालीच पाहिजे. हा विचार पुढे शंभर वर्षं इंग्रजी नाट्यगृहांत घट्ट बसला. निबंधकार जोसेफ अ‍ॅडिसनने 1711 मध्ये त्याला कडाडून विरोध केला; चांगली माणसंही दुःख भोगतात, मग नाटकात का भोगू नयेत, असं त्याचं म्हणणं. त्याने थेट लिअरचं नाव घेऊन सांगितलं की सुधारलेल्या आवृत्तीने नाटकाचं अर्धं सौंदर्य घालवलं. पण त्याचं कुणी ऐकलं नाही. समीक्षक सॅम्युएल जॉन्सनसारखा खंबीर माणूस 1765 च्या आपल्या शेक्सपिअर-आवृत्तीत लिहितो की कॉर्डेलियाच्या मरणाने मला अनेक वर्षांपूर्वी असा धक्का बसला, की संपादनासाठी वाचणं भाग पडेपर्यंत मी ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायला धजलो नाही. तुमच्या गटातल्या ज्यांना हा शेवट सोसत नाही, त्यांना हे जरूर सांगा. ते कमकुवत नाहीत. त्यांना नाटक लागलंय.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कॉर्डेलिया जिंकते ही टेटने काढलेली टूम नव्हती. जुनी कथाच तशी होती. शेक्सपिअरच्या आधीचं एक निनावी लिअर-नाटक 1605 साली छापलं गेलं, त्यात राजा आणि धाकटी मुलगी जिंकतात, राज्य परत मिळतं. शेक्सपिअर ज्या बखरीतून कथा घ्यायचा त्या हॉलिन्शेडच्या बखरीतही तसंच आहे. तिथे कॉर्डेलिया बापामागे काही वर्षं राज्य करते आणि पुढे भाचे बंड करतात तेव्हा तुरुंगात स्वतःचा जीव घेते. म्हणजे 26 डिसेंबर 1606 रोजी पहिल्या जेम्स राजाच्या दरबारात हे नाटक झालं, तेव्हा कथा माहीत असलेला प्रेक्षक गोड शेवटाची वाट पाहत बसला असणार. शेक्सपिअरने ती अपेक्षा शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत ठेवली आणि मग मोडली. धक्का हा त्याने जाणूनबुजून रचलेला आहे.

कसा रचलाय ते जवळून पाहा. पाचव्या अंकात कॉर्डेलिया आणि लिअर पकडले जातात. एडमंड हळूच एका अधिकाऱ्याच्या हातात चिठ्ठी देतो. प्रेक्षकाला धोका कळलेला असतो. त्यानंतर नाटक भलतीकडेच जातं: बहिणींचं भांडण, विषप्रयोग, एडगर-एडमंडचं द्वंद्व, मग एडगर बापाच्या मरणाची लांबलचक हकीकत सांगतो. ती ऐकून घायाळ एडमंड म्हणतो, माझं मन हललंय, कदाचित यातून काही चांगलं होईल, पण तू बोल पुढे. आणि एडगर खरंच पुढे बोलतो! चिठ्ठी तिकडे काम करतेय आणि इकडे हकीकत चालू आहे. मग केंट येतो आणि राजा कुठे आहे विचारतो, तेव्हा लिअरचा जावई अल्बनी याच्या तोंडून निघतं की केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो. मग एडमंड कबुली देतो, माणूस धावत सुटतो, अल्बनी देवाला हाक मारतो, “देव तिचं रक्षण करोत!” पुढच्याच क्षणी लिअर कॉर्डेलियाला हातांवर घेऊन आत येतो. देवाला केलेली प्रार्थना आणि तिचं उत्तर यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. हे मरण तुमच्या मंडळींना ‘विनाकारण’ वाटतं ना? वाटलंच पाहिजे. ते विसरण्यातून आलेलं आहे. चांगली माणसं आपापल्या गोष्टी सांगण्यात गुंतली होती.

म्हणून सूचना अशी: प्रयोगाची लांबी कमी करायला एडगरची ती हकीकत कापण्याचा मोह आवरा. बहुतेक संस्था नेमकी तीच कापतात. ती कापली की उशीर उरत नाही, आणि उशीर नसेल तर कॉर्डेलियाचं मरण खरोखरच वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

आणि लिअरचा शेवट पूर्ण काळाकुट्ट तरी आहे का? या नाटकाचे दोन जुने छापील पाठ आहेत, 1608 चा आणि 1623 चा. 1623 च्या पाठात लिअरचे अखेरचे शब्द आहेत: हिच्याकडे पाहा, हिचे ओठ, तिथे पाहा, तिथे पाहा. 1608 च्या पाठात ते नाहीत. तिथे तो स्वतःच्या हृदयाला फुटून जा म्हणतो. एका पाठात म्हातारा कदाचित असं समजून मरतो की मुलगी श्वास घेतेय. दुसऱ्यात तो काही न उरल्यामुळे मरतो. ए. सी. ब्रॅडली या समीक्षकाने 1904 मध्ये म्हटलं की लिअर आनंदाने मरतो. मला स्वतःला तो आनंद पुरेसा वाटत नाही, पण त्याची शक्यता नटाने डोळ्यांत ठेवावी. ग्लॉस्टरचं हृदयही सुख आणि दुःख यांच्या ओढाताणीत हसत हसत फुटलं, असं एडगर काही मिनिटं आधी सांगून गेलेला असतो. कान तयार केलेला आहे. दोन पाठांतला कुठला घ्यायचा हे तालमी सुरू होण्याआधी ठरवा. दोन्ही मिसळले की नट गोंधळतो.

रूपांतराचा विचार असेल तर आपल्याकडे याचा सर्वांत धीट धडा ‘नटसम्राट’ने घालून दिलाय. वि. वा. शिरवाडकरांच्या डोक्यात लिअर होता, पण 1970 साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात कॉर्डेलियाच नाही. अप्पांना एक मुलगा आणि एक मुलगी, आणि लिअरला जी नव्हती ती बायको, कावेरी. जिच्या मरणाने काळीज फाटायचं ती व्यक्तीच बदलली. त्यामुळे राज्यवाटणीच्या जागी आलेली संपत्तीची वाटणी, मुलांच्या घरातले अपमान, सगळ्याचा तोल वेगळा झाला आणि शेवट त्या नाटकाचा स्वतःचा झाला. तुम्हाला भाषांतर करायचं असेल तर विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हाताशी आहेच. रूपांतर करायचं असेल तर शिरवाडकरांसारखं मुळापासून करा. मधला मार्ग, म्हणजे सगळं शेक्सपिअरचं आणि शेवटची दहा मिनिटं आपली, हा मात्र घेऊ नका.

तसं पाहिलं तर मधला मार्ग इंग्रजांनीही घेऊन पाहिलाय. 1660 नंतर लंडनची नाट्यगृहं पुन्हा उघडली, त्या काळात जेम्स हॉवर्डने ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये दोघांना जिवंत ठेवलं. जॉन डाउन्स हा त्या काळचा नाट्यगृहातला जुना माणूस; त्याने नोंदवून ठेवलंय की हे नाटक एक दिवस शोकान्त आणि दुसऱ्या दिवशी सुखान्त असं आलटून पालटून होत असे. हॉवर्डची संहिता आज उपलब्ध नाही. गॅरिकने 1748 मध्ये वेगळी वाट काढली: दोघांना मरू दिलं, पण रोमिओने विष घेतल्यावर आणि तो मरायच्या आधी ज्युलिएटला जागी केलं, म्हणजे कबरीत दोघांना एक शेवटचा संवाद मिळाला. तो प्रेक्षकांना अतिशय आवडला आणि बराच काळ टिकला. मूळ नाटकात दोघांची चुकामूक होते यातच जीव आहे, असं माझं मत. पण नटाच्या नजरेने पाहिलं तर गॅरिकला तो संवाद का हवासा वाटला हे मला समजतं.

आता सुखान्तांकडे येऊ, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. लोक समजतात की लग्न झालं म्हणजे सुखान्त. शेक्सपिअरची सुखात्म नाटकं हातात घेऊन तालमीला उभं राहा. प्रत्येक लग्नाच्या मांडवात कुणीतरी एक जण बाहेर उभा असतो.

‘ट्वेल्फ्थ नाइट’ घ्या. मॅल्व्होलिओ या कारभाऱ्याला खोट्या प्रेमपत्राने वेडा ठरवून अंधारकोठडीत टाकतात. शेवटी सत्य कळतं, सगळे हसतात, आणि तो “तुमच्या सगळ्या टोळक्याचा सूड घेईन” म्हणून निघून जातो. इतकं सर्वांच्या लक्षात असतं. पण एक बारीक धागा सुटतो. नायिका व्हायोला जवळजवळ संपूर्ण नाटकात पुरुषवेशात आहे. तिचे बायकी कपडे ज्या जहाजाच्या कप्तानाकडे आहेत, तो मॅल्व्होलिओच्या फिर्यादीवरून तुरुंगात आहे. म्हणजे व्हायोलाला स्त्रीवेशात यायला, तिचं प्रेम असलेल्या ऑर्सिनोशी लग्न लागायला, त्या अपमानित माणसाची मर्जी लागते. ऑर्सिनो त्याच्यामागे माणसं धाडतो, त्याची समजूत काढा म्हणतो, कारण कप्तानाचं अजून काही कळलेलं नाही. तो परत येत नाही. पडदा पडतो तेव्हा नायिका अजून पुरुषाच्याच कपड्यांत आहे, आणि रंगमंचावर एकटा विदूषक रोज पडणाऱ्या पावसाचं गाणं म्हणतो. हा सुखान्तच आहे, मला त्यात शंका नाही. पण ते सुख कुणाच्या तरी माफीवर अडकलेलं आहे, आणि ही माफी नाटकात मिळत नाही. दिग्दर्शकाने हे नुसतं जाणून असलं तरी शेवटच्या प्रवेशाचा रंग पालटतो.

‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ तर याहून उघड आहे. चार तरुण, चार तरुणी, थट्टामस्करी शिगेला पोचलेली, आणि एक निरोप्या येतो. राजकन्या त्याचा चेहरा पाहूनच ओळखते की वडील गेले. सगळी लग्नं एक वर्ष पुढे ढकलली जातात. त्या तरुणांतला बिरोन म्हणतो, एक वर्ष म्हणजे नाटकासाठी फारच लांब काळ. शेक्सपिअरने सुखान्ताची सगळी तयारी करून सुखान्त दिला नाही, आणि तरी नाटक उदास होत नाही. त्या मुलांना जे शिकायचं बाकी होतं ते त्यांना रंगमंचाबाहेर शिकावं लागणार आहे.

पण तालमीत सर्वांत जास्त वाद घडवणारा शेवट ‘मेझर फॉर मेझर’चा. इझाबेला जोगीण होऊ घातलेली मुलगी आहे. भावाचा जीव वाचवण्यासाठी तिच्याकडे तिच्या देहाची मागणी झालेली आहे, आणि ती तिने ठामपणे नाकारलेली आहे. शेवटी तिथला राज्यकर्ता, ड्यूक, सगळं उलगडतो, भाऊ जिवंत निघतो, आणि त्याच दमात ड्यूक तिला लग्नाचं विचारतो. एकदा नाही, दोनदा. इझाबेलाला पुढे एकही वाक्य नाही. शेक्सपिअरने तिला गप्प ठेवलंय. शेकडो वर्षं नट्या ड्यूकच्या हातात हात देऊन बाहेर जात राहिल्या. 1970 साली स्ट्रॅटफर्डला जॉन बार्टनच्या प्रयोगात एस्टेल कोलरची इझाबेला रंगमंचावर एकटीच उभी राहिली, होकार न देता. एक अक्षर न बदलता नाटकाचा शेवट फिरला. शेवटावर नट आणि दिग्दर्शक यांचा खरा हक्क इथे आहे: संहितेत जिथे मौन आहे तिथे. संहिता जिथे स्पष्ट बोलते, तिथे तो हक्क फार कमी उरतो.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’बद्दल थोडक्यात सांगतो. त्याचा पाचवा अंक चांदण्यातल्या प्रेमाचा आणि अंगठ्यांच्या थट्टेचा आहे. सावकार शायलॉक मोठा झाला, नायक झाला, तसा एकोणिसाव्या शतकात हा अंक गाळून कोर्टाच्या प्रवेशावर नाटक संपवण्याची पद्धत पडली. सुखान्त नाटक कात्रीच्या एका फटक्यात शोकान्त झालं. मला ते पटत नाही. कोर्टात एका माणसाला उद्ध्वस्त करून आलेली ही मंडळी किती सहज हसू शकतात, हे पाचव्या अंकाशिवाय कळत नाही.

शेवट बदलण्याचा प्रकार खुद्द नाटकाचाच विषय करून दाखवला तो जॉन गेने, 1728 साली, ‘द बेगर्स ऑपेरा’मध्ये. दरोडेखोर मॅकहीथ फाशी जायला निघालाय. इतक्यात एक नट आणि नाटकाचा ‘लेखक’ असलेला भिकारी रंगमंचावर येतात. नट म्हणतो, हे तर सरळ शोकान्त झालं, ऑपेराचा शेवट आनंदीच हवा. भिकारी म्हणतो, हरकत रास्त आहे, आणि ती सहज दूर करता येते. असल्या नाटकात गोष्टी कशा घडतात याला कोण विचारतो! मॅकहीथला माफी. पण भिकारी जाता जाता सांगतो की मूळ शेवट राहिला असता तर एक बोध झाला असता: गरिबांतही श्रीमंतांसारखेच दुर्गुण असतात, फक्त त्यांना त्याची शिक्षा होते. इथे शेवट गोड करणं हाच आरोप आहे. जर्मन नाटककार ब्रेख्तने बरोब्बर दोनशे वर्षांनी, 1928 मध्ये, हाच शेवट राणीच्या घोडेस्वार दूताकडून माफीसोबत गढी आणि पेन्शनही देऊन आणखी धारदार केला, आणि पुढे 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून ही कथा मराठीत आली. गोड शेवट करायचाच असेल तर त्याचा हाही एक मार्ग आहे. पण त्यासाठी नाटक पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकाशी उघड बोलणारं हवं. लिअर तसं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्मात्यांचा दबाव वाढला. नाटककार आर्थर विंग पिनेरोच्या ‘द प्रॉफ्लिगेट’मध्ये नायक विष घेऊन मरायचा, 1889 मध्ये गॅरिक थिएटरच्या उद्घाटनाला ते नाटक लागलं तेव्हा त्याला जगवून बायकोशी समेट करवला गेला, आणि छापताना पिनेरोने मूळ शेवट परत घातला. चारच वर्षांनी त्याच्याच ‘द सेकंड मिसेस टँकरे’मध्ये नायिका पॉलाची आत्महत्या लंडनने स्वीकारली. 1895 मध्ये ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधली मास्तरीणबाई स्वतःच्या कादंबरीबद्दल सांगते की त्यात सज्जनांचं भलं झालं, दुर्जनांचं वाईट, कल्पित कथा म्हणतात ती यालाच. रायमरचा सगळा सिद्धान्त वाइल्डने त्या एका वाक्यात निकालात काढला.

आणि मग बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. हे उदाहरण तुमच्या मंडळींना लिअरपेक्षाही जवळचं वाटेल, कारण ‘ती फुलराणी’ त्याच्यावरूनच आलं.

1914 साली लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात हर्बर्ट बीरबोम ट्री हा नट भाषेचा प्राध्यापक हिगिन्स होता आणि मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ही नटी त्याच्याकडे बोलायला शिकणारी फुलवाली इलायझा. संहितेत शेवट असा: इलायझा बापाच्या लग्नाला निघते. हिगिन्स सवयीने तिला कामं सांगतो, हॅम आण, चीज आण, माझ्यासाठी हातमोजे आणि टाय आण. ती म्हणते, तुमचे तुम्ही आणा, आणि निघून जाते. हिगिन्सला खात्री असते की ती आणेलच. तो खिशातली नाणी खुळखुळवत खुशीत उभा. ट्रीने यात एक शब्दही बदलला नाही. त्याने फक्त पडदा पडता पडता इलायझाच्या दिशेने फुलं फेकली. संपलं! फुलांच्या एका गुच्छाने नाटक प्रेमकथा झालं. शॉ संतापला. ट्रीने कळवलं की माझ्या शेवटामुळे पैसा येतोय, तुम्ही आभार मानायला हवेत. शॉने उलट कळवलं की तुमचा शेवट घोर आहे, तुम्हाला गोळीच घालायला हवी.

पुढे 1916 मध्ये शॉने पुस्तकाला लांबलचक गद्य उपसंहार जोडला आणि इलायझा तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडीशी लग्न करून फुलांचं दुकान काढते हे बजावून सांगितलं. तरी 1938 च्या चित्रपटात ती हिगिन्सकडे परतलीच, आणि 1956 च्या ‘माय फेअर लेडी’तही परतली. याला प्रेक्षकांचा हट्ट एवढंच म्हणून सोडू नका. शॉने नाटकाला स्वतःच ‘रोमान्स’ हे उपशीर्षक दिलं होतं, चार अंक दोघांना समोरासमोर झुंजवलं होतं, आणि फ्रेडीला इतकं फिकं लिहिलं होतं की त्याच्याकडे कुणाची नजर जाऊ नये. शॉचा शेवट विचाराने बरोबर आहे: जी मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली ती चपला आणून द्यायला परत का येईल? पण त्या शेवटासाठी लागणारी तयारी त्याने आधीच्या अंकांत पुरती केली नाही. उपसंहार लिहावा लागला, त्याचं कारण हेच. ‘पिग्मॅलियन’ बसवणाऱ्याने चौथ्या अंकावर, चपला फेकण्याच्या त्या मध्यरात्रीच्या भांडणावर, सर्वांत जास्त तालमी घालाव्यात. तिथे इलायझाचा अपमान प्रेक्षकाच्या अंगाला लागला, तर शेवटी तिचं जाणं लोकांना हवंसं वाटतं.

तुमच्या लिअरकडे परत येतो, कारण अजून एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुमच्या मंडळींना भीती आहे की एवढं दुःख घेऊन प्रेक्षक घरी जाईल. शेक्सपिअरच्या काळच्या मंडळींना ही काळजी होती आणि त्यांनी उपाय केला होता. थॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने 21 सप्टेंबर 1599 रोजी लंडनला ज्यूलियस सीझरचं नाटक पाहिलं. तो लिहितो की नाटक संपल्यावर नट फार सुंदर नाचले, दोघे पुरुषवेशात आणि दोघे स्त्रीवेशात. शोकान्तानंतर नाच! 1669 मध्ये ड्रायडनच्या एका शोकान्त नाटकात नेल ग्विन या नटीचं प्रेत उचलून न्यायला माणसं येतात, तर ती उठून त्यांना झापते की मला अजून उपसंहार म्हणायचाय. आज लंडनच्या पुन्हा बांधलेल्या ग्लोब थिएटरातही शोकान्त नाटकानंतर सगळे नट मिळून नाचतात.

यांपैकी कुणीही दुःख कमी करण्यासाठी नाटकाच्या आत हात घातला नाही. नाटक पूर्ण होऊ दिलं आणि मग माणसांना परत आणलं. तुम्हीही तेच करा. कॉर्डेलियाला मरू द्या, एडगरची हकीकत अख्खी ठेवा, चिठ्ठी दिलेली शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल अशा जागी उभे राहून द्या. लिअरचं काम करणारा नट कॉर्डेलियाला खरंच उचलू शकतो का, हे पात्रयोजना करतानाच बघा. ऐनवेळी दोघांनी मिळून तिला आणण्याची पाळी आली की तो प्रवेश गेला. अखेरच्या ओळीनंतर पूर्ण अंधार करा आणि घाईने दिवे लावू नका. दिवे लागल्यावर मात्र नट प्रेताच्या गांभीर्याने वाकलेले नकोत. आधी कॉर्डेलिया आणि विदूषक हसत पुढे येऊ देत, लिअर त्यांच्यामागून, आणि मग सगळी मंडळी एका रांगेत.